अकराव्या वर्षी मुलीला बॅलेच्या निवासी शाळेत पाठवावं का?

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेदहा वर्षांची, लहानपणापासून बॅलेच्या क्लासला जाते. शिक्षिका म्हणतात, हिचं अंग बॅलेसाठीच घडलंय, निवासी शाळेच्या ऑडिशनला बसवा, आत्ता नाही तर कधीच नाही. साताऱ्याची आजी म्हणते, नाचायचंच आहे तर भरतनाट्यम शिकवा की. आणि आई रात्री मोबाइलवर वजनाच्या, छळाच्या बातम्या वाचत बसते. ‘यातलं खरं किती, पेपरवाल्यांचा मसाला किती, आणि पाठवावं की नाही?’ असं तिने विचारलंय. जाता जाता पॉइंट शूजचंही, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायच्या कडक बुटांचंही, विचारलंय, ते शेवटी घेते.

मी फिजिओथेरपिस्ट. वीसेक वर्षं लंडनमध्ये नाचणाऱ्या मुलामुलींचे घोटे, गुडघे, कंबरा बघतेय. त्यातली बरीच मुलं अशाच शाळांमधली असतात, काही तिथून बाहेर पडलेली असतात.

ताई, सरळ उत्तर आधी देते. अकराव्या वर्षी पाठवायची घाई करू नका. मसाल्याचं म्हणाल तर बातम्या खोट्या नाहीत, पण त्या वाचून तुमची समजूत अशी होते की एखादी खाष्ट बाई किंवा तापट मास्तर बाजूला केला की सगळं ठीक. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींवर कुणी हात उगारलेला नसतो, कुणी ओरडलेलंही नसतं. त्यांच्यावरचा दबाव शाळेच्या वेळापत्रकातच विणलेला असतो.

ते वेळापत्रक जगभर साधारण सारखंच आहे. सेंट पीटर्सबर्गची व्हागानोवा अकादमी १७३८ सालची. तिथे दहाएक वर्षांची मुलं घेतात. नाच नंतर, आधी अंग तपासतात : पाय धडाच्या मानाने किती लांब, मान किती, पाठ किती वाकते, खुबा किती फिरतो. मग आठ वर्षं शिक्षण. पॅरिस ऑपेराच्या शाळेची सुरुवात १७१३ ची, चौदाव्या लुईच्या काळातली. आता ती शहराबाहेर नांतेरला आहे. तिथल्या मुलांना ‘पेती रा’ म्हणजे छोटे उंदीर म्हणतात, आणि वर्षाअखेरच्या परीक्षेत जे उतरत नाहीत ते घरी जातात. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलची लहान मुलं रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉजमध्ये अकराव्या वर्षी येतात, मोठी कॉव्हेंट गार्डनला. इथेही ठरावीक टप्प्यांवर मूल्यमापन होतं आणि काहींना सांगितलं जातं की पुढच्या वर्षी तुमची जागा नाही. मुलांच्या भाषेत ‘असेस्ड आउट’. सोळाव्या वर्षी पुन्हा मोठी चाळणी, आणि त्या वेळी जगभरातून नवी मुलं येऊन त्याच जागांवर हक्क सांगतात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कंपनीत नोकरी मिळाली तर मिळाली.

आता या गणितातली गोम बघा. अंग बघून निवडतात ते अकराव्या वर्षी, आणि ज्या अंगावर निवड झाली ते तेरा-चौदाव्या वर्षी उरतच नाही. उंची झपाट्याने वाढते. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. काल सहज पडणारा स्प्लिट आज पडत नाही. गिरक्यांचा तोल जातो, कारण मेंदूला हातपाय नेमके कुठे संपतात हेच कळत नसतं. नितंब, छाती भरते. हे सगळं वर्ष-दीड वर्षात निस्तरतं. पण नेमक्या त्याच वर्ष-दीड वर्षात चाळणी असते. अशा वेळी मुलीने काय करावं? शहाणी मुलगी दुखणं लपवते आणि जेवण कमी करते. ती वेडेपणा करत नसते, तिच्यापुढे जे नियम मांडलेत त्यात तो हिशोब बरोबर बसतो. म्हणूनच मला तो भयंकर वाटतो.

आता क्लासमध्ये काय होतं ते सांगते, कारण आईबापांना तिथे जाऊ देत नाहीत. बारपाशी, म्हणजे हाताने धरायच्या आडव्या दांड्यापाशी, प्लिए (गुडघे वाकवणं), तांद्यू, रॉं द जांब असा पायांच्या व्यायामांचा ठरलेला क्रम, पियानो, समोर भिंतभर आरसा. शिक्षिका फिरते आणि चुका दाखवते. याला ‘करेक्शन’ म्हणतात. बाहेरच्याला वाटतं, टोचून बोललं की मूल खट्टू होत असेल. तसं नसतं. ज्या मुलीला भरपूर करेक्शन मिळतात ती खूश असते, कारण बाईंचं तिच्याकडे लक्ष आहे. घाबरते ती, जिच्याजवळून बाई काही न बोलता पुढे जातात. आठ-पंधरा दिवस असंच चाललं की मुलगी स्वतःच अर्थ लावते : आपण यादीतून गेलो. एका मुलीने मला सांगितलं होतं की बाईंचं लक्ष जावं म्हणून ती मुद्दाम खांदा वर उचलून ठेवायची. अकरा वर्षांच्या मुलाला घरापासून दूर ठेवून हे शिकवणं मला पटत नाही, शिक्षिका कितीही प्रेमळ असली तरी.

वजनाचं म्हणाल तर सगळ्यांसमोर काट्यावर उभं करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी गेली. आता बोलतात ते आडून. ‘रेषा जरा बिघडतेय’, ‘अजून लांब दिसायला हवीस’, ‘सुट्टीत छान आराम झालेला दिसतोय’. या शेवटच्या वाक्याने किती मुलींनी रात्रीचं जेवण सोडलंय! बोलणाऱ्याला आठवतही नसतं.

आणि हा शिडशिडीतपणा काही बॅलेच्या जन्मापासूनचा नाही. १८९५ च्या सुमाराला ‘स्वान लेक’मध्ये सलग बत्तीस फुएते, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, मारणारी पिएरिना लेन्यानी, तिचे फोटो शोधून बघा. बुटकी, भरलेल्या मांड्यांची बाई. आजच्या ऑडिशनला तिला दारातूनच परत पाठवतील. लांब पाय, लहान डोकं, हाडं दिसतील इतकं बारीक अंग ही आवड विसाव्या शतकातली, आणि तिच्यात नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशिनचा हात मोठा. त्याने १९३४ साली लिंकन कर्स्टाइनबरोबर न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली आणि पुढे त्याची आवड हाच जगाचा मापदंड झाला. माणसाने ठरवलेली गोष्ट आहे, माणूस बदलू शकतो. पण तुमच्या मुलीच्या ऑडिशनपर्यंत बदलेल या भरवशावर राहू नका.

आता बातम्यांमधलं सिद्ध झालेलं काय ते. पॅरिसच्या शाळेवर २००२ साली बाहेरच्या संस्थेकडून झालेल्या तपासणीचा अहवाल आला, त्यात मानसिक दहशतीबद्दल कडक शब्द होते. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेराच्या अकादमीबद्दल ‘फाल्टर’ साप्ताहिकाने एप्रिल २०१९ मध्ये लिहिलं : मारणं, केस ओढणं, शरीरावरून अपमान. सरकारने चौकशी आयोग नेमला. डिसेंबरमध्ये आयोगाने सांगितलं की मुलांचं पुरेसं संरक्षण झालेलं नाही, वैद्यकीय सोय अपुरी आहे, आणि वजन कमी राहावं म्हणून मुलांना सिगरेट ओढायचा सल्ला दिला गेला. हो, शाळेतल्या मुलांना. २०२३ मध्ये बीबीसीने रॉयल बॅले स्कूल आणि बर्मिंगहॅमच्या एल्महर्स्ट बॅले शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे अनुभव दाखवले, त्यातही शरीरावरून हिणवल्याच्या तक्रारी होत्या. तेव्हा मसाला वगैरे काही नाही.

आकडेही देते, थोडेच. नर्तकांमधल्या खाण्याच्या विकारांवर झालेले अभ्यास एकत्र करून २०१४ साली जो आढावा निघाला, त्यात बॅले करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १६ टक्के आलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात तीन नामांकित शाळांमधली २६६ मुलं वर्षभर पाहिली, तर त्यातल्या ७६ टक्क्यांना त्या वर्षात किमान एक दुखापत झाली, आणि बहुतेक दुखापती पडून-आपटून झालेल्या नव्हत्या, अतिवापराच्या होत्या. म्हणजे रोज थोडं थोडं झिजत गेलेलं.

माझ्या धंद्याचा खरा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलगी वयात येते त्या दोनेक वर्षांत आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्याचा जवळजवळ पाव भाग तयार होतो. नाच दिवसाला पाच-सहा तास आणि खाणं त्या मानाने कमी, असं चाललं की शरीर खर्चाला कात्री लावतं, आणि पहिली कात्री पाळीवर पडते. पाळी नाही म्हणजे इस्ट्रोजेन कमी, इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाड ठिसूळ. अमेरिकेत १९८६ साली ७५ व्यावसायिक नर्तिकांचा अभ्यास झाला, त्यात पाळी उशिरा आलेल्यांत पाठीचा कणा वाकडा होणं आणि हाडं मोडणं जास्त सापडलं होतं. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीपासून माहीत असलेली गोष्ट आहे. तरी मला अजून अशा आया भेटतात ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘नाचणाऱ्या मुलींचं असंच असतं, चांगलंच आहे, कटकट नाही.’ पंधरावं सरलं तरी पाळी आली नाही, किंवा आलेली तीन महिने थांबली, तर थेट डॉक्टरकडे जायचं. शाळेची परवानगी विचारायची नाही.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही अशा बेताने. पंधरा वर्षांची मुलगी, पावलाच्या वरच्या बाजूला दुखतं म्हणून आलेली. म्हणजे तिला आणलेलं. बॅलेत दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाच्या मुळाशी तडा जाणं ही ठरलेली जागा आहे, कारण चवड्यावर उभं राहिलं की सगळा भार तिथे येतो. मी तिथे अंगठ्याने दाबलं. चेहऱ्यावर काही नाही. हसून म्हणाली, ‘अजिबात नाही दुखत.’ पण दुसऱ्या पायाची बोटं गादीवर घट्ट वळली होती. एका पायावर उडी मार म्हटलं तर मारली, सुंदर मारली, आवाज न करता उतरली. आणि दुसरी उडी मारायच्या आधी बोलायला लागली, प्रश्न विचारायला लागली, ऑडिशन केव्हा आहे ते सांगायला लागली. एमआरआयमध्ये तडा होता. या मुलींना स्टेजवर चेहरा कसा ठेवायचा हे फार उत्तम शिकवलेलं असतं, आणि ती विद्या त्या माझ्यासमोरही वापरतात. तेव्हापासून मी बॅलेच्या मुलींना ‘दुखतं का’ विचारतच नाही, दुसऱ्या पायाकडे बघते.

टर्नआउटबद्दलही दोन शब्द, कारण तुमच्या शिक्षिकेचं ‘अंग घडलंय’ म्हणणं बहुधा त्यावरून आहे. दोन्ही पावलं बाहेर वळून एका रेषेत यायला हवीत, १८० अंशांत. पण खुब्याचं हाड किती फिरणार हे त्या सांध्याच्या घडणीवर ठरतं. बहुतेकींना खुब्यातून प्रत्येक बाजूला पूर्ण ९० अंश मिळत नाहीत. उरलेलं गुडघा पिळून आणि पावलाची कमान पाडून भरतात. चांगली शिक्षिका मुलीला जेवढं खुब्यातून येतं तेवढ्यावर थांबवते. मुलीला प्लिएमध्ये बघा. गुडघा पावलाच्या दिशेने जातोय की आत घसरतोय, एवढं तुम्हालाही दिसेल.

मुलग्यांचं वेगळं. ते संख्येने कमी, म्हणून चाळणी जरा सैल, पण मुलींना उचलायला लागल्यावर कंबरेचे मणके आणि बाहेरच्या शाळेत चिडवणं, हे दोन जाच असतातच.

आपल्या मुलींसाठी म्हणून काही गोष्टी. इंग्लंडमध्ये आपल्या रंगाच्या कातडीला आधीच ऊन पुरत नाही, त्यात दिवसभर स्टुडिओत. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी असाल तर लोह आणि बी-१२ सुद्धा. वसतिगृहात शाकाहारी म्हणजे बऱ्याचदा पास्ता आणि सॅलड, डाळ-उसळ कुणी देत नाही. दुसरं म्हणजे रंगच. टाइट्स आणि शूज गुलाबी असतात ते गोऱ्या पायाची रेषा अखंड दिसावी म्हणून. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं शूजना फाउंडेशन फासलं. लंडनच्या फ्रीड कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या नृत्यसंस्थेबरोबर तपकिरी पॉइंट शूज काढले ते २०१८ मध्ये. सुधारणा आहे, पण ऑडिशनच्या रांगेत तुमची मुलगी कदाचित एकटीच सावळी असेल. हे तिला आधी घरात सांगितलेलं बरं, तिथे जाऊन कळण्यापेक्षा.

आता ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हे. खरं नाही. प्रसिद्ध नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह लेनिनग्राडच्या, म्हणजे वर सांगितलेल्या व्हागानोवाच्याच, शाळेत शिरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. मिस्टी कोपलँडने बॅलेच तेराव्या वर्षी सुरू केलं आणि २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटर या कंपनीची प्रिन्सिपल म्हणजे प्रमुख नर्तिका झाली. मुंबईतला आमिरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, किशोरवयात बॅलेकडे वळला, येहूदा माओर या इस्रायली शिक्षकाकडे शिकला आणि रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोहोचला. हे अपवाद आहेत, मान्य. विशेषतः मुलींना तेराव्या वर्षी सुरुवात करून पोहोचणं फार अवघड. पण तुमची मुलगी सुरुवात करणारी नाहीच, ती शिकतेच आहे. वरच्या शाळांमध्ये सोळाव्या वर्षी नवी मुलं येतात हे वर सांगितलंच. तोवर घरी राहून, चांगल्या स्थानिक शिक्षिकेकडे शिकून, शनिवारी मोठ्या शाळांचे असोसिएट वर्ग, म्हणजे घरी राहणाऱ्या मुलांसाठीचे वर्ग, करता येतात. रात्री आईच्या हातचं जेवण, नेहमीच्या शाळेतल्या मैत्रिणी, आणि अंग बदलायच्या वर्षांत कुणी वहीत टिपणं ठेवत नाही.

तरीही मुलीचा हट्टच असला आणि जागा मिळाली, तर शाळेत जाऊन विचारा. किती मुलं कुठल्या कंपनीत लागली हे विचारू नका, ते भिंतीवर फोटो लावून सांगतातच. हे विचारा : गेल्या पाच वर्षांत अकराव्या वर्षी घेतलेल्यांपैकी किती शेवटपर्यंत राहिले? ज्यांना काढलं त्यांना कुणी, कसं सांगितलं, आणि पुढची शाळा शोधायला मदत केली का? दुखापत झालेली मुलगी मूल्यमापनाला बसू शकली नाही तर तिचं काय होतं? फिजिओ कुणाला उत्तरदायी आहे, कला-संचालकाला की वेगळ्या वैद्यकीय प्रमुखाला? हा शेवटचा प्रश्न मी अधोरेखित करीन. ज्या शाळेत माझा अहवाल थेट शिक्षिकेच्या टेबलावर जातो, तिथे मुली मला खरं सांगत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. यातल्या एखाद्या प्रश्नावर समोरचा माणूस गुळमुळीत बोलू लागला तर घरी या. फीचं म्हणाल तर सरकारची म्युझिक अँड डान्स स्कीम ठरलेल्या शाळांमध्ये उत्पन्नानुसार मदत करते, त्यामुळे पैशावरून आधीच नाही म्हणायचं कारण नाही.

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, अरमंडीतही, खुबा बाहेर वळवायचाच असतो आणि गुडघे तिथेही दुखतात, माझ्याकडे भरतनाट्यमच्या मुलीही येतात. अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर प्रयोगाच्या, आधीचा ताणही मी बघितलाय. फरक इतकाच की अंग भरलं म्हणून तिथे दरवाजा बंद होत नाही, आणि पन्नाशीतली बाई अभिनय करायला बसली की सभागृह स्तब्ध होतं. बॅलेत पॅरिस ऑपेरा नर्तकांना बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त करते, आणि पेन्शन देते म्हणून ते नशीबवान समजले जातात. पण मुलीला बॅले आवडतंय. भरतनाट्यम शहाणपणाचं आहे म्हणून तिला ते आवडेल असं नाही.

राहिले पॉइंट शूज. शिक्षिका आत्ताच घ्यायला म्हणत असतील तर थोडं थांबवा. वय साधारण अकरा-बारा, त्याआधी तीन-चार वर्षांचं नियमित शिक्षण, आणि मुख्य म्हणजे ताकद. घरी बघा : बारला नुसती बोटं टेकवून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर वीसेक वेळा टाच पूर्ण वर उचलता येते का? शेवटच्या पाचात घोटा बाहेर लचकतो का? एका पायावर उभं राहून, धड पुढे झुकवून, गुडघा आत न जाऊ देता वाकता येतं का? दोन्ही पायांवर जमलं की फिटर, म्हणजे पायाला बूट नीट बसवून देणारा माणूस, असलेल्या दुकानात जा, ऑनलाइन मागवू नका. जोडी पन्नास पौंडांच्या पुढे जाते आणि ती मुख्यतः कापड, खळ, सॅटिनची असते, त्यामुळे ती मऊ पडते, मोडते. कंपनीतल्या मोठ्या भूमिकेला एका प्रयोगात एक जोडी संपू शकते. तुमच्या मुलीची काही महिने पुरेल. आणि शाळेच्या बुटांसारखे वाढत्या पायाचे म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका. पाऊल आत घसरून बोटांवर येतं आणि सगळा भार नखांवर पडतो.